१९५१च्या शेव्हरलेट पिकअपचा लाकडी हौदा: कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी आटोपली, पाऊसही पुरता उघडला. आता हौद्याला हात घालायला हरकत नाही. इंजिन, ब्रेक आणि केबिन गेल्या वर्षीच मार्गी लागलं. राहिला होता तो मागचा भाग, आणि या गाडीचा खरा जीव तिथेच आहे. मामांच्या घरी ही गाडी गुळासाठी होती. कागलजवळच्या गुऱ्हाळातून गुळाचे रवे (ढेपा) भरायचे आणि कोल्हापुरात शाहूपुरीत उतरवायचे, हेच तिचं आयुष्य.

नोंदीसाठी गाडीची ओळख: शेव्हरलेट ३१००, अर्ध्या टनाची, ११६ इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), उजव्या हाताचं स्टिअरिंग. दाराच्या पुढच्या कोपऱ्यात उघडणारी त्रिकोणी काच आहे, ती १९५१पासून आली. दाराची मूठ खाली फिरवायची आहे, बटण दाबायची नाही; बटणाची मूठ १९५२ची. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्ये. १९४८पर्यंत ती हौद्याखाली असायची, त्यामुळे त्या गाड्यांचं तळाचं काम जास्त किचकट. आपल्याकडे ती कटकट नाही.

जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी कारखाना १९२८ ते १९५४ चालला. मामांच्या जुन्या कागदांत गाडी मुंबईहून आणल्याचं आहे, त्यापुढचा धागा मिळत नाही.

हौदा आतून साधारण ७८ इंच लांब आणि ५० इंच रुंद. मागची चाकं हौद्याच्या बाहेर वेगळ्या मडगार्डखाली आहेत, त्यामुळे तळ पूर्ण सपाट, मध्ये कुठे उंचवटा नाही. फळ्या लांबीत, म्हणजे केबिनकडून फाळक्याकडे (मागच्या उघडणाऱ्या झाकणाकडे). पण आज त्या दिसत नाहीत. सगळ्या तळावर लोखंडी पत्रा ठोकलेला आहे. हातोडीने ठोकून पाहिलं तर पुढच्या बाजूला आवाज बद्द येतो आणि डाव्या कोपऱ्यात पत्रा पायाखाली दबतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पत्रा काढला. स्क्रूंच्या माथ्यातली खाच गंजून गेलेली, म्हणून ग्राइंडरने माथे उडवले आणि पत्रा पहारीने उचलला. उचलताना खालून कुजक्या लाकडाचा आणि आंबलेल्या गुळाचा असा मिसळलेला वास आला.

पत्रा आणि फळ्या यांच्यामध्ये काळा, चिकट थर होता. वर्षानुवर्षं रव्यांतून पाझरलेला पाक, ऊसाचा चोथा, माती. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो. तो थर पत्र्याखाली पावसाळाभर ओला राहायचा आणि त्याला वाळायला वाट नव्हती. फळ्यांची वरची बाजू बोटाने उकरली तर भुगा होतोय, खालची बाजू मात्र पुष्कळ ठिकाणी अजून टणक आहे. नेमकं उलटं व्हायला हवं होतं. चाकांनी उडवलेला चिखल-पाणी खालच्या बाजूला लागतं, पण तिथे वारा लागतो म्हणून ती वाचली.

मामांना फोन केला. म्हणाले, "पत्रा टाकल्यावर हौदा पक्का झाला असंच आम्हाला वाटलं रं. रवा सरकवायला बी सोपं जायचं." ते खरंच आहे. तीस किलोचा रवा फळीवरून ओढण्यापेक्षा पत्र्यावरून ढकलणं सोपं. ज्यानं पत्रा ठोकला त्यानं हमालाच्या पाठीचा विचार केला होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण हौदा त्यानेच कुजला, हेही तितकंच खरं.

२४ नोव्हेंबर, रविवार

फळ्या सोडवायचं काम. इथे या हौद्याची मूळ रचना पहिल्यांदा नीट उघडी पडली, म्हणून ती सविस्तर लिहून ठेवतो.

प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना वरच्या अंगाने उथळ खाच आहे. शेजारच्या दोन फळ्यांच्या खाचा मिळून जी लांब जागा तयार होते, तिच्यावर लोखंडी पट्टी बसते. पट्टीत ठराविक अंतरावर चौकोनी भोकं. त्यांतून कॅरेज बोल्ट खाली जातो, तो फळीतून नाही तर दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून, आणि खालच्या आडव्या लोखंडी पाटीला नटाने आवळला जातो. बोल्टची चौकोनी मान पट्टीच्या चौकोनी भोकात अडकते, त्यामुळे नट फिरवताना बोल्ट फिरत नाही, वरून पाना लावावा लागत नाही, आणि वर फक्त गुळगुळीत घुमटी राहते.

म्हणजे फळीला भोक नाही. तिला कुणी खिळ्याने जखडलेलं नाही, कडांनी दाबून धरलं आहे इतकंच. पावसाळ्यात ती रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि ही सगळी हालचाल पट्टीच्या आड होते. जुन्या वाड्याच्या दाराच्या चौकटीत दिलहे (मधल्या फळ्या) मोकळे बसवतात, तोच हिशोब. फक्त चासीला अख्खा हौदा धरणारे मोजके बोल्ट फळीतून जातात, आणि तिथेही भोक मोठं ठेवून वर रुंद वॉशर दिलेलं आहे.

पत्रा ठोकणाऱ्याने फळीफळीत स्क्रू मारले तेव्हा ही मोकळीक संपली. फळ्या फुगल्या तर सरकायला जागा नाही, म्हणून वर उचलल्या. आक्रसल्या तर स्क्रूच्या ओळीत उभ्या चिरल्या. प्रत्येक चीर एका स्क्रूपासून सुरू होते. फोटो काढून ठेवले आहेत.

खालचे नट गंजून एकजीव झालेले. ज्वाळा लावायची नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण ज्या फळ्या नमुना म्हणून हव्यात त्या जळतील. रात्रभर तेल सोडून ठेवलं. जे सुटले ते सुटले, बाकीचे खालून कापले. चांगल्या स्थितीतले काही बोल्ट आणि एक सरळ पट्टी वेगळी ठेवली.

३० नोव्हेंबर

मिस्त्री आले. फळ्या अंगणात ओळीने मांडल्या. प्रत्येकीचं टोक करवतीने थोडं कापून त्यांनी वास घेतला, नखाने दाबून पाहिलं.

उजवीकडची एक फळी मूळची असावी. कापल्याबरोबर राळेचा वास आला, गडद-फिक्या पट्ट्या एकमेकींशेजारी स्पष्ट दिसतात: अमेरिकन पिवळा पाइन. कारखान्यातून अशाच फळ्या यायच्या. बाकीच्या नंतर केव्हा केव्हा बदललेल्या. एक बाभळीची, वजनदार, बैलगाडीच्या कामातून उरलेली असावी, आणि गंमत म्हणजे सगळ्यांत धड तीच. दोन फळ्यांना मिस्त्रींनी हात लावला आणि म्हणाले, "ह्यो आंबा हाय दादा. आंब्याला पावसात ठेवतंय व्हय कुनी?" आंब्याच्या फळ्यांत भुंगेऱ्यांची भोकं चाळणीसारखी.

पाइनची आणि बाभळीची फळी जपून ठेवायच्या. खाचेची खोली, रुंदी, फळीची जाडी (पाऊण इंच) सगळं पाइनच्या फळीवरून घेतलं.

२१ डिसेंबर, शनिवार

लाकूड कुठलं घ्यायचं यावर बरीच चर्चा झाली. अमेरिकेत हल्ली अशा गाड्यांना ओकच्या फळ्या बसवून त्यावर आरशासारखं वार्निश चढवतात. प्रदर्शनात छान दिसतं, पण कारखान्यातून गाडी तशी कधीच निघत नव्हती. साधा पाइन आणि त्यावर रंग, कारण ती मालवाहू गाडी होती. इथल्या वखारीत मिळणारा आयात पाइन बहुतेक कांडला बंदराच्या बाजूने येतो आणि तो पॅकिंगच्या कामाचा. जुन्या फळीच्या वजनाचा आणि कसाचा तो नाही.

सागवान ठरला. महाग आहे, पण कारण फक्त टिकाऊपणाचं नाही. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसतो आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने २.५ टक्के. अमेरिकन व्हाइट ओकचे हेच आकडे १०.५ आणि ५.६, लाँगलीफ पाइनचे (हा पिवळ्या पाइनचाच प्रकार) ७.५ आणि ५.१. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जिथे मार्चमध्ये ओठ फुटतात आणि जुलैत भिंतींना ओल येते, तिथे हा फरक थेट फटीत दिसतो. दीडशे मिलिमीटर रुंदीच्या फळीतली ओल दहा टक्क्यांवरून सोळावर गेली तर कसाही कापलेला ओक तीन मिलिमीटरपर्यंत फुगेल. सागवान पावणेदोन मिलिमीटर, आणि फळी नीट निवडली तर एक मिलिमीटरही नाही.

नीट निवडणं म्हणजे फळीचं टोक बघणं. ज्या फळीच्या टोकाला वर्षवलयं उभी दिसतात, जाडीच्या दिशेने, ती रुंदीत कमी हलते आणि वाकडीही कमी होते. वलयं धनुष्यासारखी आडवी दिसली तर ती फळी बाजूला. वखारवाल्याने दांडेलीचा आणि बल्लारशाचा असे दोन ढीग दाखवले. मिस्त्री एकेक फळी ओढून काढत, टोकाला थुंकी लावून पुसत आणि वलयं बघत. कडेला पांढुरका पट्टा असलेल्या फळ्या त्यांनी सरळ परत ठेवल्या. सागाचं नाव आहे ते गाभ्याचं. पांढऱ्या भागाला वाळवी कुठल्याही जळणाइतक्याच आवडीने खाते. दर घनफुटाने ठरला, आणि एवढ्या निवडीनंतर वखारवाल्याचा चेहरा थोडा उतरला होता हेही नोंदवतो.

५ जानेवारी २०२५

फळ्या शेडमध्ये रिपा देऊन रचल्या. मीटरवर लाकडातली ओल १३ टक्के. उतरू दे.

१८ जानेवारी, शनिवार

उद्यमनगर, कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत. पट्ट्यांचं काम.

जुन्या पट्ट्यांपैकी बहुतेक गंजून कागद झाल्या आहेत. सरळ राहिलेली एक नमुना म्हणून दिली. दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा सीआर (थंड लाटलेला) पत्रा, दोन्ही कडा खाली हलक्या वळवलेल्या. वळवायला प्रेस ब्रेक मशीन आहे, अडचण चौकोनी भोकांची. पट्टीत गोल भोक पाडून कानशीने चौकोनी करता येतं, पण इतक्या भोकांत एखादं तिरकं झालं तरी बोल्टची मान बसणार नाही, आणि मान बसली नाही तर आवळताना बोल्ट फिरत राहील. शेवटी पंच आणि डाय (भोक पाडायचा ठसा आणि त्याचा साचा) करून घ्यायचं ठरलं. कारागिराने जुन्या बोल्टची मान मायक्रोमीटरने मोजली, डाय घासून तयार केली आणि रद्दी पत्र्यावर पहिला पंच मारला. त्या भोकात बोल्ट टाकला, नुसत्या अंगठ्याने दाबला, आणि तो खट् करून बसला. उलटा धरला तरी पडेना. असं काम समोर होताना बघायला मिळतं म्हणून उद्यमनगर हे नाव घेताना मला अभिमान वाटतो.

बोल्टबद्दल एक लक्षात ठेवण्यासारखं: मूळ बोल्ट ५/१६ इंचाचे, इंचाला १८ आटे. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे एम-८चा (मिलिमीटरच्या मापाचा) बोल्ट बघायला अगदी तोच वाटतो. पण एम-८च्या दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर आणि याचं १.४१. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे फिरतो आणि मग जाम होतो. मिसळ करायची नाही. सगळे इंची करून घेतले, जस्ताचा मुलामा दिला. साध्या लोखंडाने ओल्या सागावर काळे डाग पडतात.

९ फेब्रुवारी, रविवार

बाजूचे पत्रे, पुढचं पॅनेल, आडव्या पाट्या. सँड ब्लास्टिंग फक्त पाट्यांना केलं. बाजूचे पत्रे सपाट आणि मोठे आहेत, जोराचा मारा लागला तर लाटा पडतात, आणि एकदा पडलेली लाट जात नाही. ते वायर व्हीलने आणि रेतीकागदाने हातानेच साफ केले. फाळक्यावर उठावात असलेली शेव्हरलेट ही अक्षरं चार-पाच रंगांच्या थरांखाली बुजली होती. मूळचा हिरवा रंग सापडला. इपॉक्सी प्रायमर मारला.

चासी आणि पाट्या यांच्यामधले लाकडी ठोकळे भुसा झाले आहेत. ते जपून ठेवलेल्या बाभळीच्या फळीतून होतील का, असं मिस्त्रींनीच सुचवलं. जाडी कमी पडते, पण दोन थर करून जमेल. त्या फळीला याहून चांगली जागा नाही.

२ मार्च, रविवार

ओल साडेदहावर आली. आता रंधा.

मशीनवर जाडी काढली, पण शेवटचा हात मिस्त्रींनी जुन्या लाकडी रंध्याने मारला. साग पात्याची धार लवकर खातो, त्यात वाळूचा अंश असतो. धार लावायला दगड हाताशीच ठेवला होता. धूळही त्रासदायक. तोंडाला फडकं नव्हे, नीट मास्क हवा.

खाचा राऊटर मशीनने. पहिली खाच टाकाऊ तुकड्यावर काढून त्यात पट्टी बसवून पाहिली. पट्टी फळीपेक्षा केसभर वर राहायला हवी, म्हणजे रवा असो की पेटी, घर्षण लोखंडावर होतं, लाकडावर नाही. मूळ रचनेतही तसंच होतं. माल सरकवण्याची सोय त्या लोकांनी आधीच करून ठेवली होती. वरून पत्रा टाकायची गरजच नव्हती.

दोन फळ्यांमध्ये १० मिलिमीटर फट. ८ मिलिमीटर बोल्टसाठी, उरलेली पावसाळ्यासाठी.

१६ मार्च, रविवार

वार्निश नाही, हा निर्णय पक्का. मिस्त्रींना पॉलिश हवं होतं. "एवढा भारी साग, चमकाय नको?" त्यांचं म्हणणं कळतं. पण वार्निश म्हणजे लाकडावर पापुद्रा. हौद्यात पहिली लोखंडी पेटी ओढली की तो फुटणार, फटीतून पाणी आत जाणार आणि पापुद्र्याखाली अडकणार. म्हणजे पत्र्याचीच गोष्ट पुन्हा, फक्त पातळ थराची. मूळच्यासारखा रंग द्यावा असाही विचार होता, पण रंगालाही तोच दोष. तेल आत मुरतं, ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा चोळता येतं.

डबल बॉईल्ड बेलतेल (जवसाचं तेल), पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाईन. त्याआधी थिनरच्या फडक्याने प्रत्येक फळी पुसली, कारण सागाचं स्वतःचं तेल वर असेल तर बेलतेल वाळत नाही, चिकट राहतं. सहाही अंगांना तेल: वर, खाली, कडा, खाचा. टोकांना तर पीत होती तोवर पाजलं. पाणी सगळ्यांत वेगाने टोकातूनच शिरतं. वीस मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. तसंच सोडलं तर वर चिकट साय धरते.

तेलाच्या फडक्यांचा बोळा करून टाकायचा नाही. बेलतेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती साठली की फडकं आपोआप पेटतं. पाण्याच्या बादलीत बुडवून, मग एकेक पसरून वाळवली.

२० एप्रिल, रविवार

जोडणी. तेलाचे हात देऊन फळ्यांना कडक ऊन लागलं आहे, बोटाला काही लागत नाही.

आधी पाट्या आणि बाजूचे पत्रे सैल बसवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजले. उजवा आठ मिलिमीटर जास्त होता. पट्ट्याने ओढून सारखे केले. हौदा गुण्यात (काटकोनात) नसेल तर शेवटची फळी तिरकी कापावी लागते आणि फाळकाही अडतो. मग कडेच्या फळ्या, मग आतल्या. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) वापरले, कारण इथे नट पूर्ण आवळायचाच नाही. पट्टी फळीला टेकली, हलत नाही, पण फळीच्या टोकावर लाकडी हातोडीने टोला दिला तर फळी किंचित सरकते, इतकंच आवळणं. साधा नट एवढा सैल ठेवला तर गाडीच्या हादऱ्याने सुटेल.

चासीच्या बोल्टांसाठी फळीत १२ मिलिमीटरची भोकं, त्यांच्या आतल्या भिंतींनाही तेल.

संध्याकाळी मामा आले. त्यांनी फाळका उघडला, वर चढायचा हट्ट केला, चढले, आणि हौद्यात उकिडवे बसून पट्टीवरून तळवा फिरवत राहिले. म्हणाले, "असा कधी बघितलाच नव्हता. आमच्याकडं आला तवाच वर घाण होती."

१ जून, रविवार

यंदा मान्सून मेअखेरीलाच आला, आणि त्याआधीचा वळीवही धुवाधार. हौदा मुद्दाम उघडाच ठेवला.

पाणी फटींतून लगेच खाली जातं, वर डबकं राहत नाही. पाऊस थांबल्यावर फळ्यांची वरची बाजू दुपारपर्यंत कोरडी होते. मीटरवर ओल १४ ते १५. मार्चमध्ये पेन्सिलीने खूण केलेल्या जागी फट मोजली: १० मिलिमीटरची सव्वानऊ झाली आहे, बोल्टला अजून पुरेशी जागा आहे. एकही फळी उचललेली नाही.

पुढच्या पॅनेलला लागून, केबिनच्या आडोशाला जिथे वारा पोचत नाही, तिथे खालच्या अंगाला बारीक काळी बुरशी दिसली. बेलतेलावर ती धरतेच. टर्पेंटाईनने पुसली. केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीत सुकी पानं साचली होती, ती काढल्यावर वारा मोकळा झाला. ही जागा पावसाळ्यात दर आठवड्याला बघायची.

बाकी कामं: फाळक्याच्या साखळ्यांना चामड्याची नळी (पत्र्याचा रंग खरवडतोय), डाव्या मडगार्डचा मागचा बोल्ट, आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर तेलाचा एक हात. गुऱ्हाळं सुरू होतील तेव्हा मामांना पहिली खेप करायची आहे, त्यासाठी रव्यांखाली अंथरायला गोणपाट आणून ठेवायचं, म्हणजे पाक फळीपर्यंत पोचणार नाही.